यंदा कप पाटखारचाच

सखुबाईच्या हातच्या तांदळाच्या भाकरीला पाटखार गावात तोड नाही, हे तिच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. पण तिला वैरी नव्हता. वैर धरायलासुद्धा माणसांची ये-जा लागते, आणि सखुबाईच्या ओटीवरची ती कधीच थांबली होती.

उरणच्या बाजूला, खाडीला लागून हे गाव आहे. हळद असो, जत्रा असो, नाहीतर हायवेवरचा ढाबा असो, भाकऱ्या सखुबाईकडूनच जातात. नेणारा गाडी चालूच ठेवतो, दारातून हाक मारतो, पाटी उचलतो आणि जातो. जरा बस म्हटलं तर ‘पुढच्या खेपेला नक्की’ म्हणतो. नवरा दिनानाथ आधी मिठागरात होता, मिठागरं गेल्यावर ट्रेलर चालवायला लागला आणि एके दिवशी छातीत कळ येऊन गेला. एकुलता एक मुलगा दिपेश गुजरातेत कुठल्याशा बंदरावर क्रेन चालवतो. आठेक वर्षं झाली, तो गावात आलेला नाही. रविवारी फोन करतो. जेवलीस का, जेवले, तू जेवलास का, जेवलो, एवढं झालं की दोघांचं बोलणं संपतं, पण फोन कुणीच ठेवत नाही. तिकडं क्रेनचा भोंगा वाजतो, इकडं कोंबड्या. मग तो म्हणतो, बरं, ठेवतो. त्यानंतरचा रविवार सखुबाईला फार लांब वाटतो.

घरामागं तिच्या चुलीच्या सरपणाचा ढीग आहे आणि त्यावर एक भला मोठा फ्लेक्स घातलाय, छापलेली बाजू आत. लाकूड ओढायला कोपरा उचलला की आतून दिपेशचा चेहरा दिसतो. कोट घातलेला, तोंडभर हसणारा. डोक्यावर मोठ्या अक्षरात: ‘विजेता संघ. कर्णधार दिपेश. हार्दिक अभिनंदन.’ ऊन लागत नसल्यामुळं रंग जराही उडालेला नाही. दिवसातून दोनदा तरी तिला लाकूड लागतंच.

अभिनंदनाचा फ्लेक्स सरपणावर कसा आला, हे सांगायचं तर बास्केटबॉलपासून सुरुवात करावी लागते, आणि खाडीकाठच्या गावाला बास्केटबॉलचं वेड लागलं यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही. इकडची माती कबड्डीची. पाटखारचं मैदानही तसंच होतं, पण तिथं कंटेनरचं यार्ड झालं आणि मैदानावर सिमेंट ओतलं गेलं. पुढं यार्डवाल्यांनी गाशा गुंडाळला, सिमेंट तेवढं राहिलं. सिमेंटवर कबड्डी खेळली तर गुडघे उरत नाहीत. गावाला लागूनच कॉलेज आहे, तिथं हिरामण सर खेळ शिकवायचे. हाताशी असेल त्यात भागवणारा माणूस. त्यांनी त्या सिमेंटवर दोन खांब पुरले, वर लोखंडी रिंगा लावल्या आणि पोरांना सांगितलं, आता हे खेळा. पोरांनी कबड्डीची सगळी चपळाई त्या चेंडूवर काढली.

दोन-तीन वर्षांत कॉलेजचा संघ झोन जिंकायला लागला. विद्यापीठाच्या स्पर्धेत आधी आपापल्या भागातले सामने होतात, त्याला झोन म्हणतात. झोन जिंकणारे संघ मग मुंबईत एकमेकांशी भिडतात आणि कप ठरतो. पाटखारनं झोन जिंकायचा आणि मुंबईत पहिल्याच सामन्यात मार खाऊन परत यायचं, असा रिवाजच पडला. पण गावाच्या आशेला कधी तडा गेला नाही. नाक्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी दरवर्षी ठरायचं की यंदा कप आपलाच. फाऊल कशाला म्हणतात हे ज्यांना सांगता यायचं नाही, ते सर्वांत ठामपणे सांगायचे. त्यांचा म्होरक्या बुधाजी. तो देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष, क्रीडा मंडळाचा अध्यक्ष आणि ज्या मंडळाला अध्यक्ष मिळत नाही त्याचाही अध्यक्ष. संघ हरला की हे लोक रेफ्रीला शिव्या घालायचे, मुंबईच्या पाण्याला नावं ठेवायचे, आपल्या पोरांना मात्र एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त ज्याच्या हातून चेंडू सुटला, त्याला पुढचे दोन महिने वडापाववाला चटणी हवी का म्हणून विचारायचा नाही.

दिपेश बापासारखा ताडमाड उंच. तो कर्णधार झाला आणि सखुबाईच्या ओटीवर पाय ठेवायला जागा उरेना. सराव झाला की अख्खा संघ तिच्याकडं, दारात चपलांचा ढीग. ती चुलीवरून उतरवेल तशा भाकऱ्या संपायच्या, जवळ्याच्या चटणीची बरणी आठवड्यात तळाला जायची. सामन्याला निघताना भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून ती गाडीत ठेवायची, आणि सखुबाईची भाकरी खाल्ली की रिंग मोठी दिसते, असं पोरं म्हणायची. थट्टाच ती, पण तिला खरी वाटायची. दिनानाथ गेल्यानंतरची ती दोन वर्षं तिची सर्वांत सुखाची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण ते बोलायला तिला लाज वाटायची.

त्या वर्षी पाटखारचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. गावात हळद असल्यासारखी धांदल उडाली. जिंकल्यावर फ्लेक्स छापायला टाकला तर हातात यायला दोन दिवस जातात आणि तोवर मजा शिळी होते, म्हणून बुधाजीनं तो आधीच छापायचं ठरवलं. कर्णधाराचा फोटो मागायला तो सखुबाईकडं आला. तिनं ट्रंकेतून चुलतभावाच्या लग्नातला कोटातला फोटो काढला, पदरानं पुसला आणि दिला. जिंकल्यावरच लावाल ना, एवढं मात्र विचारलं. बुधाजी हसून म्हणाला, “वयनी, जिंकल्यातच जमा हाय.”

मध्यंतराला पाटखार पुढं असल्याचा मुंबईहून फोन आला आणि इकडं नाक्यावर फ्लेक्स चढला. मधे दिपेश, खाली शुभेच्छुकांच्या मुंड्यांची रांग. संघात पोरं होती त्याच्या तिप्पट मुंड्या. शेजारच्या गावाहून बेंजो पार्टी आली होती. त्यांना बजावून ठेवलं होतं, संघाचा टेम्पो नाक्यावर दिसला की सुरू करायचं. आणि मग शेवटच्या क्षणाला, एका गुणानं मागं असताना, दिपेशला दोन फ्री थ्रो मिळाले. समोर कुणी नाही, आडवं कुणी नाही, नुसता चेंडू रिंगेत टाकायचा. पहिला रिंगेला लागून बाहेर आला. दुसराही.

बातमी आली तसा नाका रिकामा झाला. कुणी कुणाला जा म्हणालं नाही, जो तो आपापल्या वाटेनं सटकला. पोरांकडं कुठल्या तोंडानं बघायचं, हा प्रश्न सगळ्यांना एकदमच पडला. फ्लेक्स उतरवायला शिडी लागते आणि शिडीवालाही गेलेला. एसटीच्या शेडमध्ये बेंजोवाले तेवढे चहा पीत बसले होते. ती परगावची माणसं, त्यांना काही सांगायचं कुणालाच सुचलं नाही. दिवेलागणीला टेम्पो वळणावर दिसला आणि ठरल्याप्रमाणं त्यांनी वाजवायला घेतलं, अगदी जीव तोडून. दिपेश त्या वाजंत्रीत खाली उतरला. वर त्याचाच चेहरा कप जिंकल्यागत हसत होता आणि समोर गावातलं एक माणूस नव्हतं.

सखुबाईनं तो बेंजो घरात बसून ऐकला. हरल्याचं तिला कळलं होतं. नाक्यावर जावं म्हणून ती उंबऱ्यापर्यंत आली आणि मागं फिरली. आज पोराकडं जेवढे डोळे कमी बघतील तेवढं बरं, त्यात आपले तरी कशाला, असं तिला वाटलं. तिनं बंबात लाकडं सारली, पाणी कढत केलं, भाकरी टाकली. तो आला, आंघोळ केली, अर्धी भाकरी खाल्ली. मग ताटाकडं बघत त्यानं विचारलं, “फोटो तू दिलास?”

ती म्हणाली, “व्हय.”

तो ताटावरून उठला आणि महिन्याच्या आत गुजरातला गेला. पुढं बुधाजीनं फ्लेक्स घडी करून आणून दिला, सरपणावर घालायला होईल म्हणून. मनाला खात असलं की बुधाजी काहीतरी वस्तू आणून देतो, माफी कधी मागत नाही. त्या दिवसापासून सखुबाईनं एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती: आपण फोटो दिला आणि पोर गेलं.

पुढं पोरांचा संघ मोडला. बारावी झाली की ट्रेलरवर चढायचं, चेंडू कोण खेळतो? सिमेंटवर गवत उगवलं. ते गवत उपटलं पोरींनी. सखुबाईच्या शेजारच्या क्रांतीची मुलगी प्राप्ती आणि कॉलेजातल्या तिच्या मैत्रिणी तिथं खेळायला लागल्या तेव्हा वडापावच्या गाडीकडून कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. ही गेल्या तीन वर्षांतली गोष्ट. यंदा दिवाळीनंतर पोरींनी झोन जिंकला, मुंबईतले दोन सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात पोचल्या. मग काय विचारता! ‘पोरींनी चड्ड्या घालून नाचायचं हे काय’ म्हणून ज्यांनी नाकं मुरडली होती, त्यांनीच मोबाईलवर प्राप्तीचे फोटो लावले. नाक्यावर पुन्हा ठरलं, यंदा कप पाटखारचाच.

क्रांती ही सखुबाईच्या घरी येऊन बसणारी एकुलती एक बाई. कामाहून आली की चहाचा कप घेऊन यायची, पायरीवर टेकायची, सासूच्या कागाळ्या सांगायची. सखुबाई संध्याकाळची वाट बघायची ती त्या पायरीसाठी. सामन्याच्या आदल्या दिवशी क्रांती आली ती मोबाईल पुढं करतच. बुधाजीकाका फोटो मागतायत, म्हणाली, ह्या दोनांतला कुठला देऊ?

सखुबाईनं दोन्ही फोटो पाहिले. दोन्हीत पोर गोड दिसत होती. हा दे म्हटलं असतं तर चहा झाला असता, सासू झाली असती, संध्याकाळ नेहमीसारखी गेली असती. आपण आता काय घालवतोय हे तिला पुरतं कळत होतं.

“एकपण देऊ नको,” ती म्हणाली. “उद्या हरल्या तर पोर खाली उतरंल आणि वरती तिचंच तोंड हसत आसंल. मी बघितलंय त्ये.”

क्रांतीनं मोबाईल मागं घेतला. “काकी, तुमच्या दिपेशचं हुकलं म्हणून सगळ्यांचंच हुकतं का? उद्या सामना, आणि आज तुम्ही तोंडातून हे काढता?”

कप तसाच पायरीवर ठेवून ती गेली. अंधार पडायच्या आत गावभर झालं की सखुबाईनं नाट लावली. पोरींसाठी तिला भाकऱ्या सांगितल्या होत्या, त्याचा निरोप आला: नकोत, पाव नेतोय. पीठ दळून झालेलं. तिनं रागानं डबा मांडणीवर ढकलला, आणि मग आपण राग कुणावर काढतोय ते न कळून तिथंच बसून रडली.

सकाळी गाव दोन बस भरून नव्या सागरी पुलावरून मुंबईला गेलं. मागं म्हातारी माणसं, कुत्री आणि बुधाजी उरला. फ्लेक्सची जबाबदारी असल्यामुळं त्याला जाता येईना. प्राप्तीचा फोटो नाक्यावर सकाळीच चढला होता. दुपारभर सखुबाई हाताला काम लावून बसली. पीठ होतंच, म्हणून भाकऱ्या थापल्या. कुणासाठी ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. बुधाजीनं नाक्यावर फटाक्यांची माळ अंथरली होती, ती कधी वाजते याकडं तिचा कान. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, माळ वाजली नाही. थोड्या वेळानं बुधाजी ती माळ पिशवीत भरून मान खाली घालून तिच्या दारावरून गेला, तेव्हा तिला विचारायची गरज राहिली नाही.

आता नाक्यावर जायचं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. नाट लावली ती लावली आणि वर बघायलाही आली, म्हणतील. क्रांती पुन्हा पायरी चढणार नाही. उंबऱ्यापर्यंत जाऊन ती थांबली. तोच उंबरा. मग तिनं भाकऱ्या फडक्यात बांधल्या, चटणीची बरणी घेतली आणि निघाली.

नाका मोकळा पडला होता. एसटीच्या शेडमध्ये यंदाही बोलावलेले बेंजोवाले चहा पीत होते. त्यातला एक सूर जुळवत होता. सखुबाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“पोरी हरल्यात,” ती म्हणाली. “वाजवू नका.”

त्यांचा पुढारी गोंधळला. आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणाला.

“कोण सांगत न्हाय. म्हणून मी आले.”

त्यानं वाद्यावर कापड टाकलं. गावकऱ्यांच्या बस मागच्या रस्त्यानं शिरल्या. नाक्यावर एकही थांबली नाही. मग संघाची गाडी आली. हिरामण सर आता पार पिकले होते. ते आधी उतरले, सखुबाईला पाहून थबकले आणि बाजूला झाले. पोरी एकेक करून उतरल्या आणि आपापल्या गल्लीला लागल्या. प्राप्ती शेवटी उतरली. तिनं मान वर करून आपला चेहरा पाहिला. मग खाली सखुबाईकडं पाहिलं.

“भूक लागली आसंल,” सखुबाई म्हणाली.

पोरीनं भाकरी हातात घेतली आणि तिथंच, फ्लेक्सखाली उभ्या उभ्या खाल्ली. रडत होती आणि खात होती. सखुबाई तिच्या पाठीला हात लावून उभी राहिली. तिसरी भाकरी झाल्यावर ती म्हणाली, आता घरी जा, तुझी आय बसमधनं उतरून पाणी तापवत आसंल. नाक्यावर आली न्हाय म्हणून तिला काय बोलू नको, तिला वाटतंय त्येच बरं. पोरीला ते कितपत कळलं कोण जाणे, पण मान डोलावून ती गेली. बेंजोवाल्यांची गाडीही गेली. सखुबाई शेडमधल्या बाकावर टेकली.

फोन वाजला. रविवार नव्हता, म्हणून तिनं घाईनं उचलला. दिपेशच होता. त्यानं सामना मोबाईलवर पाहिला होता. हे तिला नवीन होतं. गावचं काही तो पाहत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“आये, नाक्यावर कोण व्हतं?” त्यानं विचारलं.

“कोण नव्हतं. मी व्हते.”

पलीकडं क्रेनचा भोंगा वाजला. एवढ्या वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं, ते आता न बोलता ठेवणं तिला जमेना. “तुझा फोटो मी द्यायला नको व्हता, बाळा,” ती म्हणाली.

“फोटोचं काय न्हाय, आये.” तो म्हणाला. “बेंजो वाजत व्हता, मी उतरलो. मना वाटलं, बाकी कोण नसू दे, तू तरी आसशील.”

खरं होतं तेवढंच तिच्या तोंडून आलं. “पाणी तापवत व्हते.”

“म्हायती हाय,” तो म्हणाला. “त्याच पाण्यानं आंघोळ केली मी.”

बरं, ठेवतो, असं तो त्या दिवशी म्हणाला नाही. फोन कानाला तसाच धरून ती उठली, उरलेल्या भाकऱ्यांचं फडकं काखेला मारलं आणि घराकडं चालायला लागली. दोन्ही बाजूची दारं लावलेली होती आणि आत दिवे लागले होते. रस्त्यावर कुणी नव्हतं.